व्यंकटरावांचं परराष्ट्र धोरण

परभणी जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठी व्यंकटरावांचं शेत. नदी ओलांडली की वऱ्हाड. सत्तेचाळीस साली वऱ्हाड स्वतंत्र हिंदुस्थानात गेलं, आणि नदीच्या अलीकडं निजामानं आपलंही राज्य स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं. झालं! ज्या नदीत कालपर्यंत म्हशी धुतल्या, ती दोन मुलखांची सरहद्द झाली. काठावर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीची चौकी, होताच. तिथं आता बंदुका आल्या. पलीकडून माल यायचा बंद झाला. घराघरांत मीठ दिसेना.

व्यंकटराव मात्र निर्धास्त! नाक्यावरच्या जमादाराला रोज दुधाचा लोटा, आणि पलीकडं कॅम्प टाकून बसलेल्या, निजामाविरुद्धच्या लढ्याच्या माणसांना गुपचूप भाकरी. देवळापुढं बसून सांगायचे, "दिल्लीचं नवं सरकार म्हनायलंय, आमी कोन्त्याच गोटात न्हाई, समद्यांशी दोस्ती. आरं, माजं तर जल्मापास्नं ह्येच हाय!" लोक हसायचे. यांना वाटायचं, आपण लय शहाणपणाचं बोललो.

घरात त्यांच्या बायकोचा, धुरपताबाईचा, जीव टांगणीला लागलेला. तिची माय पलीकडं अंथरुणाला खिळली होती. गेल्या पंचमीलाही जाता आलं नव्हतं. "औंदा मुंजाजी मुराळी आला की मी जानारच," ती म्हणायची. भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याबिगर बाईनं पंचमीला माहेरची वाट धरायची नाही, अशी रीत. नवऱ्यानं नेऊन सोडलं तर माहेरच्यांची मान खाली जायची.

मुंजाजी आला. छातीएवढ्या पाण्यातून, डोक्यावर गाठोडं धरून. गाठोड्यात बहिणीला चोळीचा खण आणि खणाखाली मीठ. नाक्यावर गाठोडं सुटलं. मीठ म्हणजे चोरटा माल, आणि पलीकडचा माणूस म्हणजे हेर, जमादाराला तेवढं बस होतं.

"व्यंकटराव माजे दाजी हायेत," मुंजाजी म्हणाला. "बहिनीला न्यायला आलोय."

बोलावणं गेलं. व्यंकटराव धापा टाकत आले. जमादारानं विचारलं, "ये आदमी तुमारा है क्या, व्यंकटराव?"

हो म्हटलं तर जमीन जाईल, भाकरीची भानगड बाहेर पडेल, आपल्यालाही बांधून नेतील. पापणी लवायच्या आत एवढं सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. आणि मग, छे, सांगताना जीभ अडते माझी, व्यंकटराव म्हणाले, "न्हाई साहेब. मी न्हाई वळखत ह्याला."

मुंजाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग जमादाराला म्हणाला, "बराबर हाय. माजीच गफलत झाली. माजे दाजी दुसरे." बघा, स्वतः बुडताना यांना सांभाळून घेतलं पठ्ठ्यानं! त्याला हिंगोलीला नेऊन कोठडीत घातलं.

घरी सांगायची व्यंकटरावांची छाती झाली नाही. धुरपताबाईला ते पाणवठ्यावर कळलं. ती भांडली नाही, आदळआपट नाही. "एक हो म्हनायचं हुतं, आवं," एवढंच बोलली आणि चुलीकडं वळली. पंचमी गेली. पोळ्याच्या आत पलीकडून निरोप आला, माय गेली म्हणून. शेवटपर्यंत दाराकडं बघत होती म्हणे. व्यंकटराव गोठ्यात जाऊन रडले. बायकोसमोर रडायची त्यांना लाज वाटली.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, कोठड्या उघडल्या. भाऊबिजेला बायकोला माहेरी न्यायला व्यंकटरावांनी स्वतःच गाडी जुंपली. मुंजाजीला मुराळी म्हणून बोलवायचं तोंड कुठं होतं त्यांना? मुंजाजी शिव्या देईल, असं त्यांना वाटत होतं. देऊ दे, चार लोकांत देऊ दे, म्हणजे तरी जरा हलकं वाटेल.

मुंजाजी पार वाळून गेला होता. त्यानं बैल सोडले, पाय धुवायला पाणी दिलं, ओसरीवर घोंगडी अंथरली. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून विचारलं, "हे कोन रं, मुंजाजी?"

व्यंकटरावांनी मान खाली घातली.

"आमचे दाजी हायेत," मुंजाजी लगेच म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं केला.