अकोल्याचं स्थळ

भिंगारच्या बाजारात कुणी बाई 'चंदेरी साडी दाखवा' म्हणाली, की आमचे विशेषण सर दुकानाच्या पायरीवरूनच ओरडायचे, "ताई, चांदीची नव्हे! चंदेरी गावाची!" बाईला साडी हवी असायची, व्युत्पत्ती नको असायची. सर लांबून दिसले, की दुकानदाराचा हात शटरकडे जायचा.

मी त्यांचा विद्यार्थी आणि पुढे शेजारी, म्हणजे मला दोनदा शिक्षा झाली. कोल्हापुरी, पैठणी, संगमनेरी. गावाला 'ई' लागली, की सर खुलायचे. गावांची नावं बदलली, तेव्हा त्यांना वेगळाच घोर लागला. "उस्मानाबादचं धाराशिव झालं, ठीक. पण उस्मानाबादी शेळीला कोण सांगणार? आणि मी नगरी होतो. आता अहिल्यानगरी म्हणवून घेतलं, तर माणूस राहत नाही, आख्खं शहर होतो!" यावर तेच हसायचे. बायको वारल्यावर त्यांच्या विनोदांना हसायला घरात एकटी लेक सुमन उरली होती. पोर जवळच द्यायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता यावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

तिसगावच्या मध्यस्थाने स्थळ आणलं. "सर, अकोल्याचं हाय. लई चांगली मान्सं." बायोडाटावर 'अकोला' छापलं होतं. सरांनी लाल पेनाने काना खोडला, मात्रा दिली. "आपल्या जिल्ह्यातलं अकोले! लोकांना स्वतःचं गाव लिहिता येत नाही."

"वऱ्हाडी हायेत, सर."

"लग्न ठरायच्या आधी वऱ्हाडी कसले? पाहुणे म्हण."

पाहुणे आले. सरांनी भंडारदऱ्याच्या पाण्याची चौकशी केली, तेव्हा मुलाचा बाप गोंधळला. "आमचं अकोला वऱ्हाडातलं हाये ना जी!" सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला आतून गुदगुल्या झाल्या, याची आज लाज वाटते. सुमनला मुलाशी फोनवर बोलताना सगळं आधीच कळलं होतं. पण बापाची चूक दाखवायची त्या घरात पद्धतच नव्हती. शिवाय मुलगा तिला आवडला होता. सर 'नाही' म्हणू शकले नाहीत. लग्न झालं आणि पोर रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब गेली.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना तिचा फोन आला. वर्षभरात तिची बोली पार तिकडची झाली आहे. "बाबा, काय करून राहिले?"

आता हिचं व्याकरण निघणार, म्हणून मी सावरून बसलो. सरांनी मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"काही नाही, पोरी. बसून राहिलो."