क्लॅरिनेटआजोबांची मिरवणूक

क्लॅरिनेटआजोबांना काही विचारलं की उत्तरासाठी थांबावं लागे. त्यांच्या तोंडात कायम क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची बोरूची पत्ती भिजत असे. ती काढून, रुमालाला पुसून मगच ते बोलत. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, ते आमचे शेजारी. कृष्णवर्णीय, नव्वदी ओलांडलेले, एकटे. 'क्लॅरिनेटआजोबा' हे नाव आमच्या लेकीनं ठेवलेलं.

जॅझ नवा होता तेव्हा ते न्यू ऑर्लिन्समध्ये पोरवयातच बँडमध्ये शिरले. पुढे बोटींवर वाजवलं, नाचघरांत वाजवलं, पण अभिमान मात्र अंत्ययात्रांपुढे वाजवल्याचा. "दफनाला जाताना रडवायचं, येताना नाचवायचं. उलट केलं तर जाणाऱ्याचा अपमान," असं ते बजावत. आता फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी वाजवायला साफ मनाई केली होती. तरी मरण्याआधी एकदा रस्त्यानं चालत वाजवायचं, हा ध्यास काही सुटत नव्हता.

२००६च्या गणपतीत मी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला, मंदारला, आजोबांना मिरवणुकीत वाजवू देण्याची गळ घातली. तो नाखुशीनंच हो म्हणाला. एका सभासदाच्या घरामागच्या तळ्यात विसर्जन होतं. मिरवणूक निघताना आजोबांनी मूर्तीकडे बोट करून विचारलं, "याला पोचवायला निघालोय ना?" मी हो म्हटलं आणि फसलो. त्यांनी इतकं संथ, काळीज पिळवटणारं काही सुरू केलं की लेझीमवाल्या बायका जागच्या जागी थबकल्या.

मंदारचा पारा चढला. "अरे यार, हे काय सुतक लावलंय? फास्ट वाजवायला सांग, नाहीतर स्टॉप कर त्यांना."

मी निरोप दिला. आजोबांनी वाद्य ओठांवरून काढलं. श्वास मिळेपर्यंत थांबले. मग मंदारकडे बघत म्हणाले, "तो पोचायचाय अजून."

पुढची वाट संपता संपेना. आजोबांना धाप लागत होती, सूर मध्येच तुटत होता. ते कोसळले तर? ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ येणार म्हणून हातात फोन धरून मी त्यांच्या शेजारून चालत राहिलो.

मूर्ती पाण्यात गेली. दरवर्षीसारखे आम्ही रिकामा पाट घेऊन गप्प परत फिरलो, आणि मागून क्लॅरिनेट उसळलं. आजोबा चक्क नाचत होते. आधी मुलं धावली, मग बायका. शेवटी मंदारनंही ढोल कमरेला बांधला.

त्याच हिवाळ्यात आजोबा गेले. त्यांच्या बँडमधलं कुणी उरलं नव्हतं. दफन झालं आणि सगळे मुकाट्यानं गाड्यांकडे निघाले. असं परतणं त्यांना मुळीच आवडलं नसतं.

मंदारनं गाडीची डिकी उघडली. आत ढोल होता.

"पोचवून झालं ना?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.