डाव्या हाताची शाई

शिजलेल्या हळदीचा वास आला की मला आमच्या खेड्यातल्या, गोरेगावच्या शाळेतलं मतदान आठवतं. आई हळद वाळत घालता घालता तशीच आली होती, दोन्ही हात पिवळेधमक. शाई लावणाऱ्या बाईंनी डावं बोट मागितलं, तर हिनं उजवंच पुढं केलं. “चांगल्या कामाला डावा हात देतेत का, माय?” “मावशी, नियमच आहे. त्याशिवाय मत देता येणार नाही.” “मंग मी जाते वापस,” आई म्हणाली, पण जागची हलली नाही. मागची रांग कुरकुरू लागली. शेवटी तिनं डावा हात दिला, पण त्याखाली उजवा धरूनच, तीर्थ घेताना उजव्याखाली डावा धरतात तसा. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंदा मतदानाला आई नव्हती. मी डावं बोट पुढं केलं, तर उजवा हात आपोआप त्याच्याखाली गेला.