पत्र्यावरचे पत्ते

हातात खिळा धरून मावशी आधी अकोल्याला, धाकट्या बहिणीला फोन लावत. "लिही वं. संत्रा, आडवी रेघ, फळगळ. उघडलं का?" बहिणीला एका दमात ब्लॉगवरचे ते पान उघडता आले, तरच तो पत्ता पत्र्याच्या पट्टीवर कोरला जाई. तिने दोनदा विचारले, तर मला हुकूम सुटे, "बापू, पत्ता सोपा कर."

भातकुलीच्या रस्त्यावर त्यांची रोपवाटिका होती. विकलेल्या प्रत्येक रोपाला तारेने अशी पट्टी बांधलेली असे. त्या रोपाला ज्या दुखण्याची भीती, त्यावरच्या लेखाचा पत्ता तिच्यावर. लेख त्या बोलत, मी अमरावतीत टाइप करी. त्यांचा ब्लॉगही मीच सांभाळी.

एकदा मी पत्त्यात वर्ष घातले.

"झाडाले वर्ष काहून चिकटवून राह्यला? पुढच्या वर्षी लोक म्हणतीन, लेख शिळा झाला."

मी ते काढले. पण पुढे ब्लॉगला नवे रूप देताना सगळ्याच पत्त्यांत वर्ष आणि आकडे शिरले. मला ते दिसले होते. जुने पत्ते कोण उघडतो, म्हणून मी सोडून दिले. तुमच्यापैकी कुणी असे काम केले असेल, तर ही सबब ओळखीची वाटेल.

आठवड्याभरात अचलपूरहून त्यांना एका शेतकऱ्याचा फोन आला. संत्री गळत होती आणि पट्टीवरच्या पत्त्यावर पान सापडत नव्हते.

"बापू, तू पत्ते बदलवले का?"

"नाही मावशी. सर्व्हर बंद असेल."

किती सहज खोटे बोललो मी!

दुसऱ्या दिवशी गेलो, तर त्या पिशवीत पट्ट्या, तार, खिळा भरत होत्या. अचलपूरची एसटी गाठायची होती. "पत्ते म्या देल्ले. आता झाडोझाडी जाऊन मलेच बदलवा लागन."

तेव्हा मी कबूल केले. त्या रागावल्या नाहीत. पिशवी मात्र खांद्यावरच ठेवली.

"पट्ट्या बदलवा लागतीन, का तू सुधरवतं?"

"सुधारतो."

"मंग बस इथंच."

एकेक जुना पत्ता मी परत जागेवर आणला. प्रत्येक पत्ता अकोल्याला सांगून तपासला गेला. शेवटचा उघडला, तेव्हा कुठे पिशवी खाली आली.

मावशी आता नाहीत. त्यानंतर ब्लॉगचे रूप दोनदा बदलले, पत्ता एकही नाही. मी असेतो बदलणार नाही.

परवा अकोल्याला त्यांच्या बहिणीकडे गेलो होतो. अंगणातल्या संत्र्याच्या फांदीत पट्टी अर्धी रुतली आहे. अक्षरे दिसत नाहीत. बहिणीने झाडाकडे न बघताच फोनवर पत्ता टाइप केला आणि कुणी विचारले नसताना ती मोठ्याने म्हणाली,

"उघडलं वं."