वायरलेसच्या खोलीची खिडकी

गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात नेमकं हत्यार ठेवलं आणि निवृत्त झाल्यावर प्लास्टिकच्या बोटी जोडायला घेतल्या. नुसत्या जोडून भागेना, म्हणून आत दिवे बसवायला शिकल्या. तळाशी एक एलईडी, आणि तिथून उजेड वाहून नेणारी, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक ऑप्टिकल फायबरची काडी एकेका खिडकीपर्यंत न्यायची.

ही बोट मात्र कपाटात मांडायला नव्हती. त्यांचा थोरला भाऊ उमेदीच्या वयात अशाच मालवाहू बोटीवर वायरलेस ऑपरेटर होता. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच धड कळायचं. उद्या सकाळी डोळ्यांचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी कसलीच हमी दिली नव्हती. त्याआधी त्याने आपली बोट उजळलेली बघावी, म्हणून सिस्टर महिनाभर खपल्या होत्या. तो पाचला येणार होता.

तीन वाजता त्यांनी बटण दाबलं. चाळीस खिडक्या उजळल्या. एक नाही उजळली, नेमकी वायरलेसच्या खोलीची.

चूक त्यांचीच. वळणावर घाईने कडक गोंद लावला होता, तिथे काडी आतल्या आत तुटली होती. वरचा डेक तर पक्का चिकटवलेला. सिस्टरांनी नवं पातं लावलं आणि डेक कापायला घेतला. पातं केसभर घसरलं, तर शेजारच्या सहा काड्या गेल्याच म्हणून समजा.

डेक सुटून हातात आला, तोच दारात दादा आणि वहिनी. जेमतेम चार वाजले होते.

"यांना घरी चैनच पडेना," वहिनी म्हणाल्या.

"दादा, अजून झालं नाही रे. तुझीच खिडकी बंद आहे."

"मग काम सांग. नुसता बसून काय करू?"

सिस्टरांनी काड्यांचा गुच्छ एलईडीवरून सोडवला. तुटलेली काडी त्यात कुठली, ते कळायला एकच मार्ग होता. त्यांनी दादाच्या हातात टॉर्च दिला आणि त्याचा हात धरून तुटक्या टोकापाशी नेला.

"इथे धर. अजिबात हलू नकोस."

तो हलला नाही. गुच्छातल्या एकेचाळीस टोकांतलं एकच चमकलं. सिस्टरांनी चिमट्याने तीच काडी अलगद ओढून काढली, त्या जागी नवी सरकवली, खिडकीपर्यंत नेली आणि गुच्छ पुन्हा एलईडीवर बसवला. वहिनी पाण्याचा पेला हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"बटण तू दाब," सिस्टर म्हणाल्या.

दादाने चाचपडत दाबलं. नाक बोटीला टेकेपर्यंत वाकला.

"मागून तिसरी," तो म्हणाला. "चिमणे, इथेच बसायचो मी."

ऑपरेशननंतर डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्याने पुष्कळ दिसू लागलं. महिन्याभराने तो पुन्हा आला, चष्मा लावून बोट न्याहाळली आणि म्हणाला, "धुराड्याचा रंग साफ चुकलाय. आमचं पिवळं होतं."

सिस्टरांनी तिथल्या तिथे रंगाचा डबा उघडला.