आयदेलचं आमेन

टॉलिव्हर गावात आयदेल प्रुइटच्या हाताचा लौकिक दोन गोष्टींसाठी होता. एक तिचा पीच घालून भाजलेला गोड कॉबलर आणि दुसरी तिची थप्पड. कॉबलर ती ज्या गोऱ्यांकडे रांधायला जायची तिथंही बोटं चाटून खात. थप्पड मात्र फक्त आपल्या वस्तीतल्यांच्या वाट्याला आलेली. अलाबामात गोऱ्यावर हात टाकणाऱ्या काळ्या बाईला दुसरा दिवस उजाडत नाही, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती एका दिवसाची वाट बघत होती.

कसली वाट, ते फक्त तिच्या मैत्रिणीला, क्लोटिल्डला ठाऊक. आयदेलचा नवरा लीलँड मतदारयादीत नाव घालायला कोर्टात गेला होता. परतताना कापसाच्या गिरणीमागे शेरीफचा गोरा डेप्युटी स्ट्राउड, त्याने त्याला गाठलं. लीलँड घरी आला तो दाराच्या फळीवर, चौघांच्या हातून. जबडा एका अंगाला सरकलेला, एक डोळा मिटला तो पुन्हा उघडलाच नाही. मरेपर्यंत तो पाणी मागत राहिला आणि पाणी काही तोंडात टिकेना. ज्युरीतले गोरे जेवणाच्या वेळेला घरी पोचले, स्ट्राउडही निर्दोष सुटून पोचला. लीलँडला पुरून आल्यावर आयदेलने त्याचा दाढीचा वस्तरा चामड्यावर घासून लखलखीत केला आणि पायमोज्यात खोचला. पुढं रोज सकाळी तो तिथंच जाई.

"एवढं सांग, खड्डे किती खणून ठेवायचे?" क्लोटिल्ड विचारायची. तिचं केशभूषेचं दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली.

"दोन. त्याचा जरा खोल खण. वर यायला नको."

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात वस्तीने ठरवलं, सगळ्यांनी मिळून कोर्टावर चालत जायचं आणि नावनोंदणी मागायची. हात उगारायचा नाही. ते साधावं म्हणून रेव्हरंड टिस्डेल चर्चच्या तळघरात तालीम घेत. अर्ध्या लोकांनी पोलीस व्हायचं, अर्ध्यांनी मार खायचा. अंगावर थुंकायचं, केस ओढायचे, तोंडाला येईल ते बोलायचं. मार खाणाऱ्याने डोकं हातांत घेऊन मुटकुळं करायचं.

आयदेलने पहिल्या दिवशीच नाव दिलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर स्ट्राउड उभा असणार, हे काय तिला माहीत नव्हतं?

तिच्या वाट्याला पोलीस म्हणून चर्चचे कारभारी डीकन बील आले. कोंबडी कापायची तर बायकोला हाक मारणारा माणूस. पण त्या दिवशी डीकनच्या अंगात आलं. टोपी तिरकी करून ते तिच्या कानाशी ओरडले, "ए काळे, तुझा नवरा माझ्या बुटाशी लोळून रडला, ठाऊक आहे?"

आयदेलच्या हातात स्तोत्रांचं जाड पुस्तक होतं. ते डीकनच्या तोंडावर असं बसलं की पुढचा दात बाकाखाली गेला. डीकन खाली पडले. ती त्यांच्या छातीवर गुडघा रोवून मारतच राहिली, नाक फुटलं तरी. शेवटी तिघांनी ओढून काढली.

"सिस्टर प्रुइट," रेव्हरंड म्हणाले, "तुम्ही मोर्च्यात नाही. स्वयंपाकघरात बसून सँडविच बांधा."

"मी मुद्दाम नाही मारलं."

"मग मुद्दाम माराल तेव्हा काय होईल? तुमच्या एका फटक्यावर ते आमच्या पोरांना गोळ्या घालतील."

डीकन रक्ताने भरलेल्या रुमालातून बोबडले, "माझंच चुकलं. मी जरा जास्तच गोरा झालो."

ऑगस्टअखेर वॉशिंग्टनला मोठी सभा भरली. वस्तीतून बस भरून माणसं गेली, उरलेली रेडिओला चिकटली. क्लोटिल्डच्या दुकानात जळक्या केसांचा आणि केसांना चोपडायच्या पोमेडचा वास कोंदलेला, म्हाताऱ्या मिस पार्थीनियाच्या डोक्याला साबण लावलेला, आणि फळीवरच्या रेडिओत एकामागून एक वक्ते. आयदेल खुर्चीत, अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे.

"भाषणाने जबडे जुळतात का?" ती म्हणाली.

अटलांट्याचा तो तरुण पाद्री बोलायला उठला तेव्हाही तिने तोंड वाकडं केलं. "वाचतोय बाई हा. वकिलासारखा."

"गप. तापलेला कंगवा कानाला लागेल," क्लोटिल्ड म्हणाली.

आणि मग आवाज बदलला. ज्यांचं बालपण चर्चच्या बाकावर गेलं त्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. श्वास लांबला, शब्द पायरी पायरी चढू लागले, तेच ते वाक्य फिरून येऊ लागलं. मिस पार्थीनिया साबणाच्या डोक्याने ताठ बसल्या. "कागद सोडला त्याने! आता खरं येतंय. येऊ दे, बाळा!"

तो पुढे काय होणार ते सांगत होता. अलाबामाचं नाव घेऊन सांगत होता, इथली काळी-गोरी लेकरं हातात हात घालून चालतील म्हणून. आयदेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्ट्राउडच्या पोरांचे हात? माझ्या माणसांच्या हातात? पण तो आवाज तिला वाद घालायला जागाच देईना. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो थांबे, आणि ती मोकळी जागा भरायला जन्मभर शिकवलेलं तिचं तोंड आपोआप उघडे. एकदा, दोनदा तिने ओठ दाबले. मग ती कधी उठून उभी राहिली ते तिलाही कळलं नाही. "आमेन!" ती ओरडली. "आमेन!" गालावरून पाणी वाहत होतं.

रेडिओ बंद झाल्यावर क्लोटिल्डने हळूच विचारलं, "मग? मोज्यातलं काय करणार?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"आमेन म्हणालीस. आम्ही ऐकलं."

"तोंडातून निघून गेलं."

"अगं, सही हातातून निघते, आमेन तोंडातूनच निघतं," पार्थीनिया म्हणाल्या. आमच्याकडे हे असंच आहे. ज्याला आमेन म्हटलं ते आपण मान्य केलं. आमच्या माउंट नेबो चर्चमध्ये ते परत घेतल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

मोर्च्याच्या सकाळी चर्चच्या दारात दानाचं ताट ठेवलेलं होतं. लोक त्यात जवळचे चाकू टाकत होते आणि मग रस्त्यावर उतरत होते. आयदेलने वाकून मोज्यातून वस्तरा काढला, ताटात आपटला आणि रेव्हरंडांना म्हणाली, "आता अडवून बघा."

त्यांनी अडवलं नाही.

कोर्टासमोर चौकात पोहोचेपर्यंत गाणं चालू होतं. मग काठ्या पडू लागल्या आणि गाण्याचं किंचाळणं झालं. गुरं हाकायची विजेची काठी एका पोरीच्या मानेला टेकली, ती फडफडत खाली पडली. डीकन बीलचं कपाळ उकललं. आयदेलच्या खांद्यावर पहिला तडाखा बसला तो हाड मोडूनच. दुसरा तोंडावर. ती डोकं धरून रस्त्यावर मुटकुळी झाली, तेव्हा कुणीतरी तिचे केस मुठीत धरून तिला वर ओढलं.

स्ट्राउड. घामाने लाल झालेला.

"काय गं आंटी, गात होतीस ना? गा आता." आणि त्याने तिला केसांना धरून कोर्टाच्या पायऱ्यांवरून वर फरफटत नेलं. प्रत्येक पायरीला बरगडी आपटत होती. वरच्या पायरीवर तो कमरेची बेडी काढून तिला घालायला वाकला. त्याचा गळा तिच्या तोंडासमोर आला. उघडा, धडधडणारा. वस्तरा नव्हता, पण दात होते, आणि तिचा उजवा हात अजून धड होता.

ते सगळं भाषण तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. आठवत होत्या त्या दोघी बायका, ज्यांच्यासमोर ती आमेन म्हणाली होती. त्यातली एक, क्लोटिल्ड, खाली रस्त्यावर रक्ताने माखून पडली होती आणि मान वर करून तिच्याकडेच बघत होती.

आयदेलने उजवा हात उचलला. स्ट्राउड दचकून मागे सरला. तो दचकला हे सगळ्या चौकाने पाहिलं. तिने तो हात नुसता त्याच्यापुढे धरला. बेडीसाठी.

त्याने तिला तेव्हाही मारलं. तोंडावर, बुटाने. दात गेले, दोन की तीन, तिने नंतरही मोजले नाहीत.

जामिनावर सुटल्यावर ती घरी न जाता तडक क्लोटिल्डकडे गेली. हात गळ्यात बांधलेला, ओठ फाटलेले. क्लोटिल्डच्याही डोक्याला पट्टी.

"नोंदणी झाली का कुणाची?" आयदेलने विचारलं.

"नाही. सोमवारी पुन्हा जायचंय."

"तो असेल?"

"असेलच की. पोटापाण्याचा धंदाच आहे त्याचा."

आयदेल खुर्चीत बसली. सगळ्या वस्तीत तिच्याएवढे लांब केस कुणाचे नव्हते. लीलँडला त्यांचं भारी कौतुक.

"कात्री घे," ती म्हणाली. "अगदी कातडीपर्यंत काप. सोमवारी त्याच्या मुठीत काही येता कामा नये."