टाकी बंद होती

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, विहारात शेजारी मांडी घालून बसणाऱ्यांजवळ तर नाहीच.

आधी माझा तोरा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बाप नाल्या उपसायचा. मी राजुऱ्याकडच्या एका खाण वसाहतीत सांडपाण्याच्या प्लांटचा इनचार्ज झालो. मैल्याचा गाळ आधी एका टाकीत चांगला तापवायचा, मग दुसऱ्या बंद टाकीत कुजवून त्यातून गॅस काढायचा — ही तापवण्याची सोय मी साहेबांशी भांडून बसवून घेतली होती. तापवलं की गॅस जास्त येतो, आणि मुख्य म्हणजे रोगाचे जंतू मरतात. उरलेला गाळ वाळवला की खत. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच न्यायचो. माझी टाकी — असंच म्हणायचो.

खताचं पहिलं पोतं मी स्वतः शांतामामीच्या घरामागे, तिच्या सांदवाडीत नेऊन टाकलं. मामी सख्खी नव्हे, आमच्या वस्तीतली. सांभार — तुमची कोथिंबीर — लावायची आणि जुड्या बांधून वसाहतीच्या गेटवर विकायची. मी पास झालो तेव्हा अख्ख्या गल्लीला सांभारवडी तिनेच तळून घातली होती.

"काऊन रे बाबू, गुवाचं खत मले देतं?"

"शिजवलेलं हाये मामी. तुह्या डाळीपेक्षा जास्त."

"मंग आधी तूच खा!"

हसली. मीही हसलो. आणि माझ्या शब्दावर तिने ते वाफ्यात मिसळलं.

पुढे टाकीच्या तापवायच्या नळ्या चोंदल्या. खत वाटणं तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण थांबवलं असतं तर का थांबवलं, हे सांगावं लागलं असतं. माझी टाकी बंद पडली — हे मी सांगायचं? मी बाजूचा व्हॉल्व्ह उघडला आणि गाळ न तापवताच पुढे सोडला. गॅस थोडा कमी, पण येत राहिला. पोती जात राहिली. मी मामीला एवढंच सांगायला हवं होतं — हे कच्चं आहे, सांभाराला घालू नको. काय गेलं असतं माझं?

वसाहतीत हगवण पसरली. माणसं सलाईनवर गेली. बोट मामीच्या टोपलीकडे वळलं. साहेबांनी मला बोलावलं, तेव्हा मामी गेटवर वाट अडवून उभी.

"बाबू, मी सांभार कसा धुतो, तुले माहीत हाये. सांगशीन ना सायबाले?"

"सांगतो, मामी."

त्या सांभारानेच झालं का? ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. कितीतरी वर्षं मी याच्याच आड बसलो. पण साहेबांनी विचारलं, "खतात तर काही नाही ना?" — तेव्हा मी काय बोललो, ते मला ठाम माहीत आहे.

"खत तापवलेलंच असतं सर. या लोकांना स्वच्छतेची सवय नाही."

या लोकांना! कोणत्या लोकांना? शाळेत मास्तर माझ्या आईकडे बघून हेच म्हणाले होते, याच शब्दांत. त्या दिवशी मी दात आवळून ठरवलं होतं — शिकायचं. शिकलो. आणि एवढं शिकून तोंडातून काय निघालं, तर मास्तरांचं वाक्य.

मामीला गेटवरून उठवलं. हळूहळू वस्तीतल्या बायकाही तिची जुडी घेईनात. नळ्या मी नंतर गुपचूप साफ करून घेतल्या. टाकी आजही चालते, पाहुणे आजही येतात. मामीच्या सांदवाडीत आता दोरीवर धुणं वाळतं. वाफे कुठे होते, तेही ओळखू येत नाही.

आणि मामी? विहारात कुणी जुना विषय काढला की ती माझ्याकडे हात करते.

"कोनी नाई बोल्लं तवा. या माह्या बाबूनं सायबासमोर तोंड उघडलं माह्यासाठी."

सगळे माझ्याकडे पाहतात.

मी मान हलवतो. होय म्हणून.